परदेश प्रवासाची कोरी पानं

२ जानेवारी, पहाटे ५.३०
पूजा झाली. यंदाचा संकल्प: परदेशात जायचं. चौघांनी. टूर कंपनीशिवाय. ह्यांना नऊ वर्षांत पहिल्यांदाच सलग दहा दिवस रजा मंजूर झाली आहे. चिमणीला (वय सात) बर्फ बघायचा आहे. भोपळ्याला (वय चार) बर्फ खायचा आहे. दोन्ही एकाच ठिकाणी होतं, म्हणजे तिथेच बचत.

काल जाऊबाई फोनवर म्हणाल्या, लहान मुलं घेऊन परदेश म्हणजे काही बाजारहाट नव्हे, तुम्हाला नाही झेपायचं. त्या टूर कंपनीबरोबर गेल्या होत्या आणि छत्री तिथेच विसरून आल्या. मी आजवर कुठे काही विसरलेली नाही.

५ जानेवारी
तिकिटं काढली. ८ फेब्रुवारी. रद्द केली तर पैसे परत नाहीत, अशी तिकिटं बरीच स्वस्त होती. हे म्हणाले, काही अडचण आली तर? मी म्हटलं, आपल्याला जायचं आहे, रद्द कशाला करायची. व्हिसा अजून व्हायचाय, पण तो काय, मिळणारच. पासपोर्ट मी मागच्या वर्षीच काढून ठेवले आहेत.
देवाला विमानाचा नंबर, सुटायची वेळ आणि सीट सांगून ठेवल्या. उगाच घोटाळा नको.

६ जानेवारी
सामान भरलं. महिनाभर आधी भरलं की ऐनवेळी धावपळ नाही. बॅगांना वरून सुतळी बांधली.

७ जानेवारी
सामान उपसलं. ह्यांचा चष्मा आणि चिमणीची शाळेची वही आत गेली होती. घरातली एकुलती एक कात्रीही. सुतळी दातांनी तोडली.

११ जानेवारी, रविवार
आज प्रवासाची रंगीत तालीम. जेवणाच्या खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत, ओढण्यांचे पट्टे. चार तास कोणी उठायचं नाही असा नियम. भोपळा सहा मिनिटं बसला. चिमणी वैमानिक झाली आणि तिनं विमान तीनदा पाडलं. हे पट्टा लावल्याबरोबर घोरायला लागले ते विमान उतरल्यावरच उठले. त्यांना पैकीच्या पैकी.
मग ह्यांना तिथल्या विमानतळावरचा अधिकारी केलं. टेबलामागे बसून त्यांनी भोपळ्याला विचारलं, "आमच्या देशात कशासाठी आलात?"
तो म्हणाला, "शू करायला."
आणि पळता पळता सरबताचा ग्लास चारही पासपोर्टांवर उपडा केला.
पुसले, पंख्याखाली वाळवले. फारसं काही झालं नाही. पण देव असा आधीच इशारा देतो. माणसानं ऐकलं पाहिजे.

१२ जानेवारी, दुपारी
ऐकलं.
माझी मॅट्रिकची मार्कलिस्ट बावीस वर्षांनंतरही करकरीत आहे. कशामुळे? लॅमिनेशन. तिच्यावर दोनदा चहा सांडला, फडक्यानं पुसला, गणिताचे मार्क जागच्या जागी. चारही पासपोर्ट घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ताई, पुस्तक मशिनीत जात नाही. म्हटलं, मग शिवण उसवा, पानं सुटी करा आणि वरून स्पायरल लावा, माझ्या स्तोत्रांच्या वहीला लावलंत तसं. साहेबांना विचारलंत का, म्हणाला. म्हटलं, आमच्याकडे साहेब मला विचारतात. शेवटी केलं त्यानं. निघताना हळूच म्हणाला, "माझं नाव कुठे सांगू नका." इतकी विनम्र माणसं आता राहिली नाहीत.
नाव-फोटोचं पान आणि पत्त्याचं पान, एवढीच लॅमिनेट केली. आतली सगळी कोरी. कधी कुठे गेलोच नाही तर काय असणार त्यांत? कोऱ्या पानांना प्लास्टिक लावायचे पैसे मी का द्यावेत? ती सगळी घरी आणली. जाड कागद, पुसट नक्षी, शाई अजिबात फुटत नाही. हे त्यांच्यावरच लिहिते आहे. जुनी वही संपतच आली होती.

१३ जानेवारी
ह्यांना सांगायचं नाही. सरप्राइज. पासपोर्ट इतके सुटसुटीत झाले आहेत की चारही माझ्या पाकिटात मावतात. कोऱ्या पानांवर दुधाचा हिशेब आणि वाण्याची यादी. एक पान भोपळ्याला हत्ती काढायला दिलं. पान छोटं पडलं, सोंडेसाठी दुसरं द्यावं लागलं.

१९ जानेवारी, सोमवार
व्हिसाचं ऑफिस. टोकन, रांग, काच. काचेमागे एक टकलू साहेब. चेहरा असा, की जन्मात हसला नसेल. मी पाकीट उघडून पासपोर्ट पुढे सरकवले. त्यानं एक उचलला. वाकवला. टेबलावर वाजवून पाहिला. शेजारच्याला बोलावलं. शेजारच्यानं आणखी दोघांना. नव्या वस्तूचं माणसाला कौतुक असतंच.
"बाई, व्हिसा कुठे चिकटवू?"
"मागच्या बाजूला जागा आहे की."
"बाकीची पानं कुठे आहेत?"
"घरी आहेत. नीट ठेवली आहेत. त्यांच्यावर दुधाचा हिशेब आहे."
तेव्हा तो टकलू हसला. मग त्याला थांबताच येईना. हे मात्र हसले नाहीत. आपला पासपोर्ट हातात घेऊन उभे राहिले, स्पायरलवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "नऊ वर्षं गं." एवढंच.
सरकारी लोकांना नवीन कल्पना झेपत नाहीत.

२० जानेवारी
तिकीटवाल्यांना फोन केला. पैसे परत मिळत नाहीत म्हणाले. का, ते मला माहीत होतं. संध्याकाळी देवापुढे बसले, पण विमानाचा विषय काढला नाही. त्यानंही काढला नाही.

२३ जानेवारी
पानं परत शिवून पाहिली. गोधडीचा टाका, लाल दोरा. ह्यांच्या पासपोर्टात चिमणीची पानं आली आणि चिमणीच्यात हत्तीची सोंड. उसवलं. हे म्हणाले, आता कशाला हात लावू नकोस. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

८ फेब्रुवारी, रविवार
आज १०.४० चं विमान. बरोबर पावणेअकराला घरावरून एक गेलं. भोपळ्यानं टाटा केला आणि विचारलं, "आपण त्याच्यात आहोत?"
हे उठले. फ्रीज बंद केला, फ्रीझरचं दार सताड उघडलं आणि मुलांना सांगितलं, टोप्या घाला, हातमोजे घाला, पोचलो आपण. आत चांगला चार बोटं बर्फ साठला होता. तो काढायला मला वर्षभर सवड झाली नव्हती. किती योग्य होतं ते, आज कळलं. चिमणीनं उलथन्यानं खरवडून एक माणूस केला, डोळ्यांना मिरी. भोपळ्यानं त्याचं डोकं खाल्लं. ह्यांनी मूठभर बर्फ माझ्या पाठीत टाकला. लग्नाला दहा वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. मी ओरडत स्वयंपाकघरभर पळाले, घसरले आणि ह्यांना घेऊन पडले.
तेवढ्यात दार उघडून जाऊबाई. झाडांना पाणी घालायला त्यांच्याकडे किल्ली देऊन ठेवली होती, ती परत मागायची राहिली होती. मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं. बघतात तर आम्ही चौघं लोकरीच्या टोप्या घालून ओल्या फरशीवर.
म्हणाल्या, "लवकर आलात?"
चिमणी म्हणाली, "काकू, डोक्याला काहीतरी बांधून या. इथे फार थंडी आहे."
जाऊबाईंनी पर्समधून रुमाल काढला, डोक्याला बांधला आणि आत आल्या. बर्फ त्यांच्या टूरवर याहून बरा होता, म्हणाल्या. पण दीड तास बसल्या.

११ फेब्रुवारी
रजा शिल्लक आहे, म्हणून पासपोर्टच्या ऑफिसात गेलो. नव्यासाठी अर्ज, दंड. हेही साहेब टकलूच. इथे पंखे फार जोरात असतात, त्यानं होत असावं. शिवाय कानात केस.
ते म्हणाले, जुने पासपोर्ट सगळ्या पानांसकट जमा करा. हिशेबाची असोत नाहीतर हत्तीची. एक जरी पान कमी पडलं, अर्ज परत. मुदत १६ तारखेपर्यंत.

१६ फेब्रुवारी, सकाळी ९
ह्यांनी घरभर फिरून पानं गोळा केली. दोन दुधवाल्याकडून आणली, एक जाऊबाईंकडून (तव्याचे डाग काढायची कृती लिहून दिली होती). मोजली. एक कमी. ते म्हणजे हे पान. मी लिहिते आहे आणि हे समोर हात पुढे करून उभे आहेत. म्हणजे आता माझं सगळं लिहिणं त्या ऑफिसात जाणार, आणि नवे पासपोर्ट द्यायचे की नाही ते वाचणारा ठरवणार.

साहेब, सा. न. वि. वि. ११ तारखेला जे टकलू लिहिलं आहे, ते दुसऱ्या साहेबांबद्दल आहे. १९ तारखेचं पान त्या दुसऱ्या साहेबांना दाखवू नये. कानांचं कोणाबद्दलच नाही. माझ्या यजमानांना पुढची रजा कधी मिळेल सांगता येत नाही, तरी पासपोर्ट द्यावेत ही विनंती. मी नव्या पासपोर्टांना हातही लावणार नाही, असं आत्ताच घरात ठरलं आहे.
हत्तीची दोन पानं जमल्यास परत मिळावीत. आणि या पानाची मागची बाजू कोरी आहे, वाया घालवू नये.