आधी कुणाचा विमा

मंगळवार, संध्याकाळ. बारामती.

आईचा पदर दवाखान्यात सगळा वेळ गालावरच होता. डोळ्यांपुढून हलत नाही.

तिची दाढ काढायची होती, आणि तिला दातांचे दोन विमे होते. एक माझ्या कंपनीतून, एक दादाच्या. आधी एकाकडून घ्यायचं, उरलेलं दुसऱ्याकडे मागायचं, एवढं साधं. माझा चालू होता. दादाचा नवा, लागू व्हायला काही महिने थांबायचं होतं. पण दादा अडून बसला. "लेकीच्या विम्यावर आईची दाढ? सणसरात गावापुढं तोंड कसं दावू मी? आधी माझा लागंल, कमी पडलं तर तुझा." आईनंही त्याचीच री ओढली. "पोरीच्या सासरचं नको बया." अगं, सासरचं कुठं? माझ्या नोकरीचं होतं! मग मी गप्प का बसले? भांडण नको म्हणून?

महिनोन्महिने थांबलो. आई तंबाखूची मिश्री लावत राहिली, गालाला पदर धरून बसत राहिली.

आज डॉक्टरांनी दाढेकडे धड पाहिलंही नाही. शेजारचा पांढरा चट्टाच बघत राहिले. "हा कधीपासून आहे?" दादानं माझ्याकडे पाहिलं. तुकडा काढून तपासावा लागेल, उद्याच पुण्याला न्या, म्हणाले. कॅन्सरची शंका आहे, हे चेहऱ्यावरूनच कळलं.

बाहेर दादा हळूच म्हणाला, "आता तुझाच लाव आधी." दातांच्या विम्यात हे बसत नाही, हे त्याला सांगवलं नाही.

गाडीत बसताना आई पदराआडून हसली. "बरं झालं बया, दाढ काढायची न्हाय म्हणाले."