वाऱ्याचा डोळा

प्रिय भिंगरी,

अक्षर पाहून दचकू नकोस, मीच लिहितोय. पत्ता तुझ्या आईच्या डब्यातून चोरला. सहा वर्षं तिच्या पत्रांच्या शेवटी 'बाबा मजेत आहेत' एवढाच मी तुला मिळत आलो. ते खरं नव्हतं. तुझी फार आठवण येते.

तुझं मागचं पत्र तिने चहा गाळता गाळता मोठ्याने वाचलं. मी दारात बसून पटाशीला धार लावत होतो, लक्ष नसल्यासारखा. विंडो हा शब्द उत्तरेकडून बोटींतून इंग्लंडात आलेल्या लोकांचा, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा, असं तू लिहिलं होतंस. इंग्रजांचा स्वतःचा शब्दही होता, डोळ्याचं दार अशा अर्थाचा. पण पाहुणा घरात शिरला आणि घरचा बाहेर पडला. आणि आपल्या गवाक्षात म्हणे गाईचा डोळा आहे. चाळीस वर्षं खिडक्या करतोय, पण आपण डोळे बसवतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी खिडकी करून घ्यायला आलेल्या एका शिंपीणबाईंना मी विचारलं, वाऱ्याचा डोळा केवढा ठेवू? बाईंनी माप न देताच काढता पाय घेतला. आई म्हणाली, गिऱ्हाइकं पळवायला आता लेकीची मदत घेता वाटतं.

तू शब्द शिकायला निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो, "शब्दांत कुणी राहायला जात नाही." दुकान तुलाच द्यायचं, हे तुला न विचारता मी मनात पक्कं करून बसलो होतो. तू गेल्यावर तुझ्या खोलीची खिडकी वाऱ्याने आपटायची. कडी बदलायला पाच मिनिटं पुरली असती. मी चार खिळे ठोकले आणि मोकळा झालो. असलं काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला दुकानात उभं केलं नसतं.

तुझं पत्र ऐकल्यावर ते खिळे उपटायला गेलो, तर चौकटच चिरली. सगळी काढावी लागली. चौकट भिंतीत बसवण्याआधी ती कुणासाठी केली हे तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायची माझी रीत तुला माहीत आहे. तुझ्या चौकटीवर मी तुलाच लिहायला दिलं होतं, सात वर्षांची होतीस. मी विसरून गेलो होतो. तिथे वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय, 'ही माझी खिडकी. बाबांनी बंद करायची नाही.'

चुकलो मी, पोरी. खूप चुकलो.

नवी चौकट तयार आहे, भिंतीला टेकून उभी आहे. तिची आतली बाजू कोरी ठेवली आहे. गवंडी रोज विचारतो, कधी बसवायची? आई शाल पांघरून तुझी खोली झाडते आणि माझ्या नावाने बोटं मोडते, कारण भिंतीला एवढं मोठं भोक आहे आणि वारा सरळ आत येतो. मी दोघांनाही सांगितलंय, लिहिणारी आल्याशिवाय चौकट बसणार नाही. पेन्सिलीला टोक करून ठेवलं आहे.

तुझाच,
बाबा