शोकेसमधला फोटो

देवळाली कॅम्प,
बुधवार, ११ फेब्रुवारी १९७६

प्रिय मैना,

तुझं दुसरं पत्र काल दुपारी मिळालं. शुक्रवारी सकाळी मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून तुझ्या डोक्याचे एक्स-रे काढणार, हे वाचलं. पोस्टाने टाकलेलं पत्र तोवर पोचायचं नाही, म्हणून तुझी आई उद्या सकाळच्या मुंबईच्या गाडीने निघते आहे. तिच्या मांडीवर पत्र्याचा एक डबा असेल. तो हमालाच्या हाती द्यायचा नाही, हे आमच्या जावईबापूंना, चंदररावांना बजावून सांग. आत काच आहे. तो डबा शुक्रवारच्या आत डॉक्टरांच्या टेबलावर गेला पाहिजे आणि त्यांनी आतलं सगळं पाहीपर्यंत तू त्या तपासणीला हो म्हणायचं नाहीस. एवढं आधी कर. बाकीचं पत्र मग वाच, लांबलचक झालंय.

पहिल्या पत्रात तू एवढंच लिहिलं होतंस, की दिवाळीतल्या तापानंतर एकाचे दोन दिसतात, वह्या तपासताना ओळीवर ओळ चढते, आणि डॉक्टरांनी लहानपणापासूनचे फोटो मागवलेत. कशाला मागवलेत ते लिहिलं नव्हतंस. मीही विचारलं नाही. मला वाटलं, मुंबईचा एवढा मोठा डॉक्टर, त्याच्यापुढे आपल्या स्टुडिओचं नाव जायला नको. दोन दिवस बसून आठ फोटो निवडले, डाग काढले, नवीन प्रिंट मारल्या, जाड पुठ्ठ्यावर चिकटवल्या. शोकेसमधला तुझा पाच वर्षांचा फोटोही त्यात घातला. तोच गं, ज्याच्यापुढे उभ्या राहून सुभेदारांच्या बायका म्हणायच्या, आमच्या पोरीचाही अस्साच काढा, डोळे कसे चमकताहेत बघा. तेवीस वर्षं तो फोटो काचेमागे आहे. निम्मं गिऱ्हाईक त्याने आणून दिलं.

काल तुझं पत्र तुझ्या आईला तीन वेळा वाचून दाखवलं. डॉक्टरांनी काढून दिलेलं चित्र तू उतरवून पाठवलंस ते बरं केलंस, मला चित्रातून लवकर कळतं. डोळा हलवायला मेंदूतून तीन नसा येतात, तिसरी, चौथी आणि सहावी. सहावी फक्त डोळा कानाकडे ओढते. तिसरीकडे पापणी उचलण्यापासून बाहुली बारीक करण्यापर्यंत बाकीचा जवळजवळ सगळा कारभार. आणि चौथीला एकच काम. ती सगळ्यांत बारीक, मेंदूच्या मागल्या अंगाने निघून वळसा घालून पुढे येणारी. तिचा स्नायू नाकाच्या बाजूला वरती एका कप्पीतून वळतो, विहिरीच्या रहाटावरून दोर वळावा तसा. तो ढिला पडला की डोळा वर राहतो आणि खाली बघताना, जिना उतरताना, वाचताना दोन दिसतात. तुझ्या डाव्या डोळ्याची ही चौथी नस अधू आहे. मान उजव्या खांद्याकडे कलली की जमतं, डावीकडे कलली की दोन चित्रं आणखी लांब जातात. बरोबर समजलो ना? चाळीस वर्षं भिंगातून बघण्यात गेली, पण भिंगामागचा डोळा कशावर चालतो ते माझ्या मुलीच्या दुखण्याने कळलं.

तुझी आई मध्येच म्हणाली, आता ते नसांचं ऱ्हाऊ द्या, पोरीला काय सांगितलं ते वाचा. म्हणून पुढचं वाचलं. डॉक्टर म्हणाले, ही नस जन्मापासूनच अधू असेल तर घाबरायचं कारण नाही. मूल आपसूक मान कलती ठेवून भागवून नेतं, आणि मोठेपणी एखाद्या आजारपणात ते भागवणं जमेनासं होतं. चष्म्यात खास काच घालून किंवा डोळ्यावरच छोटं ऑपरेशन करून काम भागतं. पण डोक्याला मार नाही आणि लहानपणच्या आठही फोटोंत मान काटकोनात सरळ. म्हणजे हे नवीन. म्हणजे मेंदूत काही वाढतंय का ते बघायला हवं. त्या तपासणीत शंभरात एखाद्याला लकवा होतो हे त्यांनी चंदररावांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि चंदररावांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून ते तुला कळलं. त्यापुढे कवटी उघडायचीही गोष्ट निघाली आहे. आठ फोटो भिंगाखाली धरून, नीट बघून तो माणूस हे म्हणाला. त्याची काहीच चूक नाही. मी त्याला फसवलं, आणि मला ते ठाऊकही नव्हतं.

मैना, तुझी मान कलतीच होती. बाळपणापासून. तू बसायला लागलीस तेव्हापासून उजव्या खांद्यावर मान टाकून बघायचीस. मी तिला वाईट खोड म्हणायचो. आपला धंदा तुला माहीत आहे. या कॅम्पात फोटो म्हणजे ओळखपत्राचा फोटो, दोन्ही कान दिसले पाहिजेत, नाक मधोमध, नाहीतर साहेब लोक परत पाठवतात. दिवसाला तीस-चाळीस जवानांच्या हनुवट्या मी बोटाने सरळ केल्या. पुढे अशी सवय लागली की लग्नाच्या पंगतीत बसलो तरी समोरच्या माणसाची मान सरळ करावीशी वाटायची. आणि घरात माझीच मुलगी वाकडी मान घेऊन फिरते म्हटल्यावर मी काय स्वस्थ बसणार? त्या जुन्या पारशाच्या स्टुडिओच्या लिलावातून मी मानेमागे लावायचा लोखंडी टेकू आणला होता. कपड्याखाली लपायचा, फोटोत दिसायचा नाही. मोठ्या माणसांना तो कधी लावावा लागला नाही. तुला प्रत्येक वेळी लावला.

आता आठ फोटोंचा हिशोब ऐक. सातांत टेकू आहे. चंदररावांच्या घरी पाठवलेल्या बघण्याच्या फोटोत टेकू नाही, तेव्हा तू वीस वर्षांची होतीस आणि टेकू नको म्हणालीस. तो मी छापताना कागद तिरका लावून मान सरळ केली आणि त्यामुळे वर गेलेला उजवा खांदा कापून टाकला. तुझा उजवा गाल डाव्यापेक्षा जरा बारीक आहे हेही मला कायम दिसत होतं, म्हणून दिवा नेहमी उजवीकडून मारायचो, भरलेला दिसावा म्हणून. मला वाटायचं, बाप फोटोग्राफर असण्याचा पोरीला तेवढाच फायदा. डॉक्टरांना हे सगळं सांग. गालाचं मुद्दाम सांग, वर्षानुवर्षं मान कलती राहिली की चेहरा असा होतो का ते त्यांना माहीत असेल.

डब्यात काय आहे ते आता लिहितो. काल पत्र वाचून झाल्यावर मी कपाळाला हात लावून बसलो. म्हटलं, वाकड्या मानेच्या सगळ्या काचा, सगळ्या निगेटिव्ह मी बाद केल्या, आता पुरावा आणायचा कुठून? तुला आठवत असेल, बिघडलेल्या काचा तुझी आई सोड्याच्या गरम पाण्यात घासायची आणि त्या मी चौकटींना वापरायचो. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीला अजून त्याच आहेत. अर्धं तोफखाना केंद्र घासून काढलंय त्या बाईने. तर ती उठली, माळ्यावरची ट्रंक ओढली आणि जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. आत अकरा काचा. सगळ्या तुझ्या. म्हणाली, लेकराचं तोंड सोड्यात कसं घासणार व्हते मी? तुमी दिली की घासली सांगायची अन् ठेवून द्यायची. मी म्हटलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस. तर म्हणते, मला तिची मान वाकडीच दिसायची, तुमालाच सरळ पायजे व्हती.

पहिली काच तू दहा महिन्यांची असतानाची, तुला कोणी धरलेलंही नाही. शेवटची तू चौथीत असतानाची. अकराच्या अकरांत मान उजव्या खांद्यावर. माझी एक पद्धत इथे कामी आली. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात मी सुईने तारीख आणि नंबर कोरतो, बाद असली तरी. त्यामुळे कोणी म्हणणार नाही की या काल बनवल्या. काल संध्याकाळी सगळ्यांच्या प्रिंट काढल्या. हात फिरवला नाही, डाग तसेच ठेवले आहेत. प्रिंट आणि काचा दोन्ही डॉक्टरांना दे. काचा उजेडावर धरायच्या म्हणावं, चकचकीत बाजूला बोट लावलं तर चालेल, दुसरीला नाही.

प्रिंट वाळत होत्या तेव्हा एकेक आठवत गेलं. तुझ्या आजोळी मखमलाबादला झेंडूच्या माळा करायला बसलीस की सुईत दोरा ओवताना मान पार खांद्याला टेकवायचीस, आणि तुझी आजी हसून म्हणायची, ही पोरगी कानाने ओवते. स्टेशनच्या पुलाचा जिना उतरताना तू कठडा धरून एकेक पायरी चाचपत यायचीस. मी खालून ओरडायचो, महाराणी, गाडी तुमच्यासाठी थांबायची नाही. तांब्यातून पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर सांडायचीस आणि मी तुला वेंधळी म्हणायचो. सगळ्या कॅम्पात तुझं नाव वेंधळी मीच पाडलं. तुला पुढे गणितात पैकीच्या पैकी पडले तेव्हासुद्धा मी म्हटलं, वेंधळी असून पडले. आज हे लिहिताना माझंच तोंड फोडून घ्यावंसं वाटतं.

इकडचं बाकी ठीक. आई आठवडाभर तुझ्याकडे राहील. तिच्या गुडघ्यांना जिना सोसत नाही, तुला उतरताना दोन दिसतात, तेव्हा दोघी एकमेकींना धरून उतरा. स्टुडिओ मी बंद ठेवून येऊ शकलो असतो. जवानांची नवी तुकडी आली आहे, शंभरावर ओळखपत्रं आहेत, असं मी आईला कारण सांगितलं. ते खरं आहे, पण म्हणून मी थांबलो नाही. दुपारी दार लावून हे लिहायला बसलो, कारण पुढचं मला तुझ्या तोंडावर बोलता आलं नसतं.

तू लिहिलं आहेस, डॉक्टरांनी दोनदा विचारलं, लहानपणी कधी दोन दिसायचं का? आणि तू म्हणालीस, नाही, आठवत नाही. तुला आठवत नसेल, मला आठवतंय. ३ मे १९५३, रविवार, काच नंबर दोनशे सतरा. बाहेर एका कॅप्टनसाहेबांचं कुटुंब ताटकळत बसलं होतं. मी तुझी मान टेकूत बसवत होतो, तू पुन्हा पुन्हा काढून घेत होतीस. चौथ्यांदा काढलीस आणि म्हणालीस, नाना, मान सरळ केली की तुम्ही दोन होता, मी कुठल्या नानांकडे बघू? मला वाटलं, गिऱ्हाइकासमोर पोरगी मस्करी करते आहे. मी तुझ्या थोबाडीत मारली. तू रडली नाहीस. मान टेकूत घालून सरळ बसलीस आणि मी फोटो घेतला. तोच शोकेसमधला फोटो. लोक ज्याला चमक म्हणतात ते तुझ्या डोळ्यांतलं पाणी आहे, आणि दिवा उजवीकडून मीच मारला होता. त्यानंतर तू दोन दिसतात म्हणून कधी बोलली नाहीस, थेट या दिवाळीपर्यंत. डॉक्टरांना हे पान वाचून दाखव, लाजू नकोस, माझं नाव सांग. पाचव्या वर्षी तिने बापाला सांगितलं होतं, असं सांग. शोकेसमधून तो फोटो आज सकाळी मी काढला. दहा महिन्यांची, मान टाकून बघणारी मैना तिथे लावली आहे. मला माफ कर असं लिहायचं होतं, पण आधी हे लिहितो, की तू तेव्हा खरं बोलत होतीस.

तुझाच,
नाना