बुटांचं सोवळं

३ तारीख
आलो एकदाचा! कालव्याच्या दरवाजावर जहाज-तपासनीस. क्वार्टर झकास, न्हाणीघरात चक्क टब. ही तर हरखूनच गेली. काम म्हणजे परमुलखातले शिंपले खालच्या तळ्यात जाऊ द्यायचे नाहीत. एकदा शिरले की नळांत, पंपांत थर करून बसतात म्हणे. जहाजाचा तळ खरवडायचा, पोटातलं पाणी तपासायचं, मग दार उघडायचं. शेंबडं पोरही करील. दरवाजा सांभाळणारा म्हातारा मात्र नमुनाच! जहाजावरून उतरलं की बूट उकळत्या पाण्यात धुवायचे, आठ दिवस उन्हात वाळवायचे, असं तीनदा ऐकवलं. बुटांचं सोवळं! हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

७ तारीख
ओले बूट तसेच घरी आणले, टबात विसळले. कुठे आभाळ कोसळलं? ही आपली तासन् तास टबात डुंबते. डुंबू दे बापडी.

१२ तारीख
नळाला धार नाही. प्लंबरने पाइप कापला तर आत शिंपलेच शिंपले. म्हाताऱ्याला सांगतो म्हणाला. हाकलून दिला. माकडाच्या हाती कोलीत कोण देणार?

१५ तारीख
ही टबातून उठत नाही. नाटकं, दुसरं काय! हात धरून ओढली तर पाठ टबापासून सुटेना. कातडीवर बारीक काळे दाणे. बोट लावलं तर मिटले.

१६ तारीख
डॉक्टरला काय सांगू — बूट? म्हाताऱ्याला आडून विचारलं, माणसाला झालं तर? माझ्या पायांकडेच बघत राहिला थेरडा. म्हणाला, एका खलाशाला झालं होतं. त्याला खालच्या तळ्याची ओढ लागली. जाऊ दिला असता तर काठची सगळी गावं — म्हणून दार उघडलं नाही. एवढंच.

१७ तारीख
टब रिकामा. ही कालव्याच्या दोन दरवाजांमधल्या, जहाज थांबवतो त्या हौदात. पोहतेय. हिला पोहता येत नाही.

बटण दाबून धरलं तरच खालचं दार उघडं राहतं. मी धरलंय. खालची गावं गेली खड्ड्यात, माझी बायको आहे ती! डाव्या हातानं लिहितोय —

अहो, म्हणाली. तोंड उघडलं — आत जीभ नाही, नुसते शिंपले — मिटतायत, उघडतायत —

नाही. दार मिटायला हवं. म्हातारा ओरडतोय, सोडा साहेब, सोडा —

सोडतोय. अंगठा उचलतोय. बटणावरून अंगठा सुटेना —