चार टक्क्यांचा फ्लेक्स

अंबरपेठ, हैदराबाद
मंगळवार

प्रिय एकनाथराव यांस,

देवरावचा सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा, घरच्यांची शुगर आणि दारातली म्हैस, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. इकडे तुमच्या ताई, म्हणजे आमच्या विमलाबाई, खुशाल आहेत. आवाज तर पूर्वीपेक्षा सुधारला आहे. माझ्या प्रकृतीचं विचाराल तर रविवार सकाळपर्यंत ती उत्तम होती.

रविवार सकाळची बातमी अशी, की आमच्या नातीची, स्वप्नाची, अमेरिकेतल्या एका जगप्रसिद्ध विद्यापीठात निवड झाली आहे. ही बातमी विद्यापीठाने दिलेली नाही. विद्यापीठाला ती अजून ठाऊकच नाही; त्यांचा निकाल पुढच्या आठवड्यात आहे. बातमीला दुजोरा दिला तो आमच्या चिरंजीवांच्या, धम्मानंदच्या, बँकेतल्या युवराजने, जो लग्नासाठी नांदेडला गेला होता आणि चौकातल्या तुमच्या फ्लेक्सखाली उभा राहून, अंगठा वर करून फोटो काढून आला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वर निळ्या अक्षरांत ‘जागतिक कीर्तीच्या विद्यापीठात निवड झाल्याबद्दल कु. स्वप्ना हिचे हार्दिक अभिनंदन’, खाली ‘शुभेच्छुक’ आणि तुम्ही. पोरीचा फोटो शाळेच्या ओळखपत्रावरचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तुमचा मात्र काळा चष्मा लावून, कानाला मोबाइल धरून, नवरदेवासारखा. (त्या वेळी फोन कुणाचा आला होता एवढं कळवा, विद्यापीठाचा असेल तर माझी तक्रार मागे घेतो.) आणि तुमच्या नावापुढे ‘भावी नगरसेवक’. एकनाथराव, त्या फ्लेक्सवर दोन माणसांची निवड जाहीर झाली आहे आणि दोन्ही अजून व्हायच्या आहेत.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण तुम्ही फोन घेतला की स्पीकरवर टाकता आणि टपरीच्या बाकावर ठेवून चहा पिता. मागच्या खेपेला माझ्या मूळव्याधीची चौकशी तुमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याने केली, तीही मला माहीत नसलेल्या एका लेपाचं नाव सांगून. पाकीट निदान एकटा माणूस फोडतो, असा आबिड्सच्या मोठ्या पोस्टात आयुष्य काढल्यावर माझा समज आहे. म्हणून हे स्पीड पोस्टाने. घडलं ते क्रमाने सांगतो, कारण तुम्ही ऐकलं सगळं बरोबर आणि त्यातून काढलं भलतंच.

स्वप्ना बारावीला. तिने स्वतःच्या मनाने त्या विद्यापीठात अर्ज करायचं ठरवलं, आणि ठरवल्यावर घरात सांगितलं. इंटरनेटवर एक यंत्र असतं म्हणे, त्यात मार्क, छंद, शाळा सगळं भरलं की प्रवेश मिळण्याची शक्यता किती ते सांगतं. आपण पत्रिका बघणारे लोक नव्हे, पण त्या दिवशी आम्ही सगळे त्या मोबाइलभोवती तसेच बसलो होतो. उत्तर आलं, चार टक्के. धम्मानंद खुर्चीतून उठला आणि का उठलो ते न आठवून परत बसला. विमलाबाई म्हणाल्या, “दहावीला सत्त्याण्णव पडले पोरीला, अन् त्याला चारच दिसतात? आण इकडं, काच पुसून देते.” स्वप्नाने समजावलं की हे मार्क नव्हेत, शंभर पोरं अर्ज करतात, त्यातली चारेक घेतात, आणि सत्त्याण्णव तर त्या सगळ्यांनाच असतात. यावर विमलाबाईंनी काच पुसायला पुढे केलेला पदर मागे घेतला. (तुम्ही भाऊ आहात, याचं गांभीर्य तुम्हाला कळेल.) मग त्यांनी विचारलं, “मग बाकीच्यांचे आईबाप काय करतात?”

यंत्र चुकत असेल, माणसाला विचारू, असं धम्मानंद म्हणाला. म्हणून आम्ही चौघं परदेशी प्रवेशाच्या कन्सल्टन्सीत गेलो. एसी इतका की मला मफलर आठवला. तिथले सर पोरगेलेसे, टाय लावलेले, आणि अतिशय सभ्य. त्यांनी स्वप्नाची माहिती संगणकात घातली, पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाले, “मार्कां तो सबके पास रहते अंकल. बच्ची में खास क्या है, वो बोलो.” आता नातीचं कौतुक करायला आजोबाला कुणी आग्रह करावा लागतो का? मी अभिमानाने सांगितलं की पहिलीपासून ही एक दिवस गैरहजर नाही, आणि अभ्यास सोडून हिला कसलाही शौक नाही. सरांनी काहीतरी दाबलं आणि माझ्या डोळ्यांदेखत चाराचे तीन झाले. मला वाटलं संगणक बिघडला. धम्मानंदने बाजू सावरायला सांगितलं की आम्ही हिला सिनेमाला नेत नाही, मैदानावर पाठवत नाही, मैत्रिणी घरी बोलावत नाही. अडीच. विमलाबाईंना राहवलं नाही. म्हणाल्या, पोर इतकी गरीब आहे की मोठ्यांपुढे मान वर करत नाही. (पोरीने त्याच क्षणी मान वर करून आजीकडे जे पाहिलं, ते सरांनी बघितलं असतं तर फायदा झाला असता.) दोनच्या खाली. आयुष्यभर आम्ही ज्याला संस्कार म्हणत आलो, ते तिथे एकेक करून वजा होत होते. शेवटी सर हात जोडून म्हणाले, “अंकल, अब आप लोगां चूप बैठे तो अच्छा. बच्ची का नुकसान हो रा.”

खरा धक्का त्यानंतरचा. सरांनी विचारलं, बच्ची ने तकलीफ क्या देखी? विद्यापीठाला म्हणे एक निबंध लागतो, आणि त्यात संघर्ष असला तर शक्यता वाढते. माझा बाप मेला तो हेच म्हणत, की पुढच्या पोरांना हे बघायला लागू नये. मी पोस्टात पोत्यांवर झोपून रात्रशाळा केली ती त्यासाठी, धम्मानंदने बदल्या सोसल्या त्या त्यासाठी. एवढ्या पिढ्यांनी दारातून हाकलून लावलेली गोष्ट तो सभ्य माणूस आमच्याकडे मागत होता, आणि आमच्याकडे ती शिल्लक नव्हती! धम्मानंदने आठवून आठवून सांगितलं की परवा दोन दिवस घरातलं वायफाय बंद होतं.

तेव्हा तुमच्या ताई पुढे सरकल्या. “माझं घ्या,” म्हणाल्या. “बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलीय मी, हिच्याएवढी असताना. सरकारी सुकडीच्या रांगेत उभी राहिलेय. लिहा की.” सरांचे डोळे एकदम चमकले. “येइच लिखो! सीधा दस परसेंट!” आणि आमची स्वप्ना, जिला मान वर करता येत नाही असं आम्ही नुकतंच लिहून दिल्यासारखं सांगितलं होतं, उभी राहिली. म्हणाली, “वो मेरा नहीं है सर. आजी का है.” आणि दप्तर उचलून बाहेर. रिक्षात विमलाबाई कुरकुरत होत्या, “नेली असती माझी तकलीफ तर काय झालं असतं? माझ्याकडं पडूनच आहे ना.” पण बरकतपुरा मागे पडेपर्यंत त्यांनी पोरीचा हात सोडला नाही, हेही नोंदवतो.

निबंध तिने स्वतःच लिहिला. काय लिहिलं ते दाखवलं नाही. धम्मानंदने विचारल्यावर म्हणाली, “पप्पा, तुमच्याबद्दल चांगलंच लिहिलंय,” तेव्हापासून तो घाबरून आहे.

अर्ज गेला त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला. मी स्पष्ट म्हणालो की शक्यता चार टक्के, आमच्या बोलण्याने त्याहून कमी. तुम्ही विचारलंत, “दाजी, आपल्या टायमाला किती टक्के होती?” मी म्हणालो, आपल्या वेळी कोण मोजत होतं! “मग झालं की! शून्यातून तुम्ही पोस्टात लागलात, चार म्हंजे पोरगी आलीच!” पाठीमागे टाळ्या वाजल्या. मला वाटलं टपरीवर क्रिकेट चालू असेल.

त्या टाळ्यांचा फ्लेक्स झाला आणि फ्लेक्सचा फोटो युवराजबरोबर अंबरपेठेत आला. रविवारी दुपारपर्यंत घरात इतके पेढे जमले की मुंग्यांनीही निवड करायला सुरुवात केली. शेजारच्या योगिनीबाई आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन आल्या आणि स्वप्नाला म्हणाल्या, याच्या डोक्यावर हात ठेव. विहाराच्या कमिटीने निकालानंतरच्या रविवारी सत्कार ठरवला. शाल, बुके, दोन भाषणं आणि जेवण. मी प्रत्येकाला सांगतो की अजून काही नक्की नाही, आणि प्रत्येक जण पाठ थोपटून म्हणतो, देवराव, तुमचा हाच साधेपणा आम्हाला आवडतो. (सत्काराला मी ठाम नकार द्यायला हवा होता. पण तोवर विमलाबाईंनी माझा कोट ड्रायक्लीनला टाकला होता.)

आणि पोर? दर रविवारी विहारात लहान मुलांना गणित शिकवते, त्या मुलांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. दोन दिवस धड जेवलेली नाही. काल मला म्हणाली, “आबा, आधी नाव नाही आलं असतं तर फक्त मला वाईट वाटलं असतं. आता नाही आलं तर दोन राज्यांत नापास होईन.” एकनाथराव, मला आजवर तुमचा राग कधी आला नाही. तुमच्या लग्नात माझी चप्पल गेली तेव्हाही नाही. पण चार टक्क्यांचं ओझं पोरगी उचलत होती. त्यावर तुम्ही नांदेडचा चौक ठेवलात.

तरी हे पत्र मिळताच तो फ्लेक्स उतरवावा. बँड सांगितला असल्यास रद्द करावा. निवडणुकीत तुम्हाला माझ्या शुभेच्छा आहेत, त्या छापू नयेत. घरच्यांना नमस्कार, म्हशीला चारा.

आपला,
देवराव

ता. क. विमलाबाई सांगतात, फ्लेक्स उतरवल्यावर फेकू नका, घडी घालून इकडे पाठवा. सांडगे वाळवायला गच्चीवर चांगला होईल. पोरीचा फोटो वरच्या अंगाला ठेवू, तुमच्या फोटोवर सांडगे घालू, असं त्यांचं म्हणणं आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला उशीर झाला आणि पत्र स्वप्नाच्या हाती लागलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. ओळीखाली बोट धरून सगळं मोठ्याने वाचलं. संगणकाच्या जागी हसली, रविवारनंतर पहिल्यांदाच. मग म्हणाली, फ्लेक्स उतरवू नका. फ्लेक्सवाल्याकडून फक्त एक पट्टी चिकटवून घ्या: ‘निवड झाल्याबद्दल’च्या जागी ‘अर्ज केल्याबद्दल’. धम्मानंद म्हणाला, अगं लोकं हसतील. म्हणाली, “हसू द्या पप्पा. अर्ज तो किया ना मैंने?” मी विचार केला. आपल्या दोन्ही घरांत तिथवर अर्ज आजवर कुणी केलेला नाही. तेव्हा वर केलेली विनंती रद्द समजावी आणि पट्टीचं काम मात्र नीट, सरळ करून घ्यावं. (तुमचा फोटो लहान करता आला तर बघा.)

ता. क. तिसरा. निकाल पुढच्या शुक्रवारी पहाटे आपल्याकडे दिसेल. स्वप्ना तो एकटी उघडणार आहे. विमलाबाई दाराबाहेर बसणार, मी आणि धम्मानंद चहा करणार, असं ठरलं आहे. त्यानंतर तुम्हाला फोन मी करायचा नाही, ती करणार. म्हणाली, “मामाआजोबांना लिहा, त्या दिवशी फोन स्पीकरवरच टाका, आणि टपरी भरलेली असू द्या. काय असेल ते मी एकदाच सांगेन.”