पलंग एक की दोन

मारतहळ्ळी, बंगळूर
१४ नोव्हेंबर २०२५

सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. निपाणीत थंडी सुरू झाली असेल. गुडघ्याला तेल गरम करून लावता की तसेच? गंगव्वा भाकरी वेळेवर करून जाते ना?

फोन असताना पत्र कशाला, असे म्हणाल. या फ्लॅटमध्ये फोनवर बोललेले सगळ्यांना ऐकू जाते, म्हणून.

आपल्या लग्नाला चाळीस वर्षे होतात, तर चंदनला आपल्याला बोटीची सहल द्यायची आहे. त्याने आधी एक नवे, अवाढव्य जहाज शोधून काढले होते. वर पाण्याच्या घसरगुंड्या. "सगळेच जाऊ आई, आर्याला मजा येईल." नातीला मजा येईल आणि मी टॉवेल घेऊन कडेला बसेन. सहा वर्षे तेच करते आहे. प्रियदर्शनी सून म्हणून वाईट नाही. सकाळी ऑफिसला जाते ती अंधार पडल्यावर येते, तिला तरी काय बोलणार?

मी दुसरे निवडले. कोचीहून लक्षद्वीप, तीन रात्री. जहाज जुने आहे, आतून सगळे नव्याने केलेले. चंदन म्हणाला, "आई, नुसता रंग मारलाय गं त्याला." मी म्हटले, "तुझ्या वडिलांना तरी कोण नवे म्हणेल?" मग त्याने खालची ओळ वाचली: बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.

"हे मुद्दाम?"

"हो."

आर्या दोन दिवस रुसली होती.

नंतर बुकिंगवाल्या मुलीने विचारले, खोलीत एक मोठा पलंग हवा की दोन वेगळे? फोन स्पीकरवर होता. चंदन खाली बघू लागला. आर्या म्हणाली, "आजी तर माझ्याजवळ झोपते." मी "मागाहून कळवते" म्हटले आणि कुकर लावायला उठले.

उत्तर मला ठाऊकच नव्हते. दिवाळीत आले तेव्हा आपला पलंग जागेवर नव्हता. गंगव्वाच्या मुलीच्या लग्नात देऊन टाकलात. तिला गरज होती, दिलात ते चांगलेच. पण खिडकीशी तुमची एकट्याची खाट आणि मला बाहेरच्या खोलीतला दिवाण. वर म्हणालात, "माझं इथं बरं बसलंय आता, तू निवांत राहा तिकडं." मी हसले. परतताना बसमध्ये डोळा लागला नाही.

बोटीवरून उतरल्यावर मी बंगळूरला येणार नाही. इथे अजून कुणाला सांगितलेले नाही. आर्याला कसे सांगावे ते कळत नाही. पण मी दमले आहे. मला निपाणीत, आपल्या घरी राहायचे आहे. तिथे मला जागा आहे का, ते आधी कळू द्या. नसेल तर बोटही नको. तीन रात्री पाहुणीसारखे राहणे मला जमणार नाही.

तेव्हा पलंगाचे तुम्ही ठरवा. वेगळे हवे असतील तर तसे स्पष्ट लिहा, घोरण्याचे निमित्त सांगू नका. आणि कृपा करून "तुझी मर्जी" असे लिहू नका. सहा वर्षांपूर्वी मी इकडे यायला निघाले तेव्हाही तुम्ही तेवढेच म्हणाला होतात. थांब म्हणाला असतात, तर मी थांबले असते.

तुमची बायको,
मथुरा