दगडात अडकलेलं तेल

प्रिय प्रज्वल,

राजसीला शाळेत सोडून आले. आज अंबरनाथला ऑफिसात जाणं जमायचं नाही. सांगायचंय ते तोंडून निघेना, म्हणून लिहायला बसले.

तू राजस्थानातल्या तेलाच्या साइटवरून सुट्टीवर आला होतास, तो दिवस आठवतोय. खोलवरून काढलेल्या खडकाचा तुकडा ओट्यावर ठेवून तू त्यावर पाण्याचा थेंब सोडलास. थेंब हळूहळू आत जिरला. दगड पाणी पितो म्हणून राजसी टाळ्या पिटत होती. "खाली असाच तेलानं भरलाय गं तो," तू म्हणालास. तुझ्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी आपल्या लग्नातही पाहिला नव्हता.

तुझ्याबरोबरच्या भूपेशला तेव्हाच शंका होती. छिद्रं भरपूर, पण एकातून दुसऱ्यात जायच्या वाटा फार अरुंद, त्यात चिकणमाती. तेल आहे, पण वर येणार नाही, असं तो म्हणायचा. खडक फोडला की येईल, असं तू ठासून सांगितलंस. तुझ्या शब्दावर विहीर खोदली गेली.

तेल आलं तेव्हा तू फोनवर रडलास. मी बेलवलीतल्या आपल्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. मग धार बारीक होत गेली. भेगांलगतचं तेवढं तेल आलं, मागचं जागचं हललं नाही. ते ढकलायला तू वरून पाणी दाबून पाहिलंस, तर माती फुगली आणि होत्या त्या वाटाही बुजल्या. साइटवरची माणसं घरी गेली. शेवटी तूही आलास.

आलास तो आतल्या खोलीत जाऊन बसलास. ताट दाराशी ठेवते, अर्धं परत येतं. राजसी बाहेरून कविता म्हणून दाखवते, तू "छान" एवढंही म्हणत नाहीस. उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे जायला शर्ट घातलास आणि काढून ठेवलास. मला आता राग येत नाही रे. भीती वाटते. ऑफिसात फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघते.

मघाशी हॉलमध्ये तुझा फोन वाजला, मी घेतला. भूपेश होता. "वहिनी, काल विहिरीत सिमेंट भरलं. कायमची बंद. त्याला बाहेरून कळायच्या आत तुम्हीच सांगा." तू तिकडून परत बोलावणं येण्याची वाट बघतोयस, बॅगही अजून रिकामी केलेली नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुझ्या डोळ्यांत बघून हे सांगायचं बळ माझ्यात नाही. म्हणून कागद दाराखालून सरकवतेय. दार नाही उघडलंस तरी चालेल. वाचून झालं की आतून एक हाक मार. मी इथेच, दाराबाहेर जमिनीवर बसलेय.

तुझीच,
अक्षदा